शोधाचे गिऱ्हाईक

मराठीत ‘शोध’ हा शब्द आपण फार सैलपणाने वापरतो. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला. आणि बेलने टेलिफोनचा शोध लावला, तोही शोधच. ‘घेणे’ आणि ‘लावणे’ एवढा भेद आपल्या भाषेने केला आहे खरा. पण पुढच्या दोन गोष्टींत काहीच अंतर नाही काय? अमेरिका कोलंबसाच्या आधीही जागच्या जागी होती आणि तिथे माणसे नांदत होती. टेलिफोन मात्र कुठल्या बेटावर कोणाची वाट पाहत पडलेला नव्हता. जे आहे ते उमगणे वेगळे आणि जे नव्हते ते घडविणे वेगळे. सातवीआठवीच्या मुलांना हा फरक सांगितला की ती लगेच समजतात. न्यूटनने गुरुत्वाकर्षण बनवले का, असे विचारले तर वर्ग हसतो.

अडचण याच्या पुढची आहे. घडविलेली वस्तू माणसांच्या हातात जाते, त्यांच्या सवयीची होते, तिच्याविना चालेनासे होते, ही एक तिसरीच क्रिया आहे. तिला इंग्रजीत इनोव्हेशन म्हणतात. सरकारी परिपत्रकांतून तिच्यासाठी नवोपक्रम, नवप्रवर्तन, नवोन्मेष असे एकाहून एक जड शब्द येतात आणि मुलांच्या कानावरून निघून जातात. मी वर्गात ‘रुजवणे’ म्हणतो. बी हातात असणे ही एक गोष्ट आणि ते रुजणे ही दुसरी, हे शेत न पाहिलेल्या माटुंग्याच्या मुलालाही कळते. निदान त्याच्या खिडकीत तुळस असते.

आमच्या पाठ्यपुस्तकी शिक्षणात ही तिसरी क्रिया जवळजवळ नाहीच. तिथे जोड्या लावायच्या असतात. एका बाजूला यंत्रे, दुसऱ्या बाजूला माणसे; मध्ये रेघ ओढली की गुण मिळाला. वाफेचे इंजिन आणि जेम्स वॅट अशी रेघ माझ्या पिढीने ओढली, माझे विद्यार्थीही ओढतात. वस्तुतः न्यूकोमेनचे इंजिन १७१२ साली खाणीतले पाणी उपशीत होते, म्हणजे वॅटच्या जन्माआधी चोवीस वर्षे. वॅटने १७६९ साली पेटंट घेतले ते वाफ वेगळ्या भांड्यात थंड करण्याच्या युक्तीचे. तेवढ्या युक्तीने कोळशाची प्रचंड बचत होत होती. पण पेटंट हाती येऊनही सात वर्षे त्यातून विकाऊ इंजिन निघाले नाही. दट्ट्या नीट बसेल असे गोल नळकांडे कोणाला कापताच येत नव्हते. तोफांच्या नळ्या पोखरणाऱ्या विल्किन्सनने १७७४ साली ते यंत्र केले, बोल्टन नावाच्या कारखानदाराने पैसा घातला, आणि १७७६ साली इंजिने चालू झाली. आणखी एक गंमत पाहा. बोल्टन आणि वॅट इंजिनाची किंमत घेण्याऐवजी, जुन्या इंजिनाच्या मानाने जो कोळसा वाचेल त्याच्या एकतृतीयांश किमतीइतकी रक्कम घेत. खाणमालकाला हा हिशेब पटला. किटलीच्या झाकणाची गोष्ट मुलांना आवडते. पण या एकतृतीयांशाची गोष्ट सांगितली तेव्हा व्यापाऱ्यांची मुले पहिल्यांदा कान टवकारून बसलेली मी पाहिली.

तथापि इंग्लंडातली उदाहरणे ती इंग्लंडातली. माटुंग्याच्या मुलाला आपल्या रोजच्या वाटेवरची गोष्ट सांगावी म्हणून मी तिच्या मागे लागलो, आणि ती अगदी भिंतीपलीकडे सापडली.

माटुंग्याला व्हीजेटीआयच्या आवारावरून आमची पुष्कळ मुले शाळेत येतात. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या निमित्ताने १८८७ साली ही संस्था निघाली. तेव्हा ती भायखळ्याला होती आणि तिचे नाव व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. माटुंग्याला ती १९२३ साली आली. १९९७ साली वीरमाता जिजाबाईंचे नाव तिला मिळाले आणि आद्याक्षरे तीच राहिली. शेजारीच रसायनतंत्राची संस्था आहे. ती १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झाली आणि दहा वर्षांनी इकडे आली. दोन्हीकडून निघालेल्या नामांकितांची यादी मोठी आहे. माझी गोष्ट मात्र भायखळ्याच्या दिवसांतल्या एका शिक्षकाची आहे, आणि शिक्षक असल्यामुळे तिच्यावर माझा अंमळ जास्त जीव आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तिथे ध्यानात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या दृष्टीने हा सगळाच कारभार आटोपल्यासारखा होता. पण यांत्रिक रेखाटनाला रंग लागत नाहीत. तिथे रेघ सरळ आणि माप बरोबर असले म्हणजे झाले. त्या विषयाच्या बळावर ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. नोकरीत असताना ते अमेरिकन यंत्रविषयक मासिके वाचीत, संस्थेच्या कार्यशाळेत हात काळे करीत. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली आणि १८९७ साली त्यांनी राजीनामा दिला. बेळगावला भावाबरोबर सायकलींचे दुकान होते, तिकडे ते गेले.

इथे मी मुलांना थांबवून विचारतो, की या माणसाने कशाचा शोध लावला असेल? उत्तरे येतात: सायकलचा, पंपाचा, इंजिनाचा. खरे उत्तर, कशाचाच नाही, हे ऐकून मुले नाराज होतात. त्यांना वाटते सरांनी भलत्याच माणसाची गोष्ट काढली.

बेळगावात त्यांनी आधी कडबा तोडण्याचे यंत्र केले आणि मग लोखंडी नांगर. लोखंडी नांगर जगाला मुळीच नवा नव्हता. इंग्लंडात रॅन्सम या कारखानदाराने १८०३ साली अशा ओतीव फाळाचे पेटंट घेतले होते, की ज्याची खालची बाजू साच्यातच झटकन थंड होऊन कडक होते आणि वरची मऊ राहते. त्यामुळे वरची बाजू आधी झिजते आणि चालता चालता फाळाला आपोआप धार येत राहते. अमेरिकेत जॉन डीअरने १८३७ साली पोलादी नांगर केला. असले विलायती नांगर हिंदुस्थानातही येत. म्हणजे वस्तू होती, तिचे ज्ञान होते, ती बाजारात मिळत होती. आणि तरीही दख्खनच्या काळ्या रानात शेतकरी लाकडी नांगरच हाकीत होता. लाकडी नांगर माती उकरतो, उलथीत नाही. हरळीच्या मुळ्या खाली राहतात आणि पहिल्या पावसाला पुन्हा वर येतात. खोल नांगरायचे तर बैलांच्या पाचसहा जोड्या लागत.

किर्लोस्करांनी नांगर केले आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षे लागली. लोखंडामुळे जमिनीत विष भिनते आणि पीक जळते, असा शेतकऱ्यांचा समज होता. ही गोष्ट सांगताना बहुतेक लेखक शेतकऱ्याच्या अडाणीपणावर एक वाक्य खर्चून पुढे जातात. मला ते पटत नाही. ज्याच्याजवळ एकच रान आहे आणि वर्षातून एकच पीक आहे, त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्या रानावर प्रयोग का करावा? कारखानदाराचा नांगर फसला तर एक नांगर फसतो. शेतकऱ्याचे पीक फसले तर घर बसते. विषाची समजूत चुकीची होती. सावधगिरी चुकीची नव्हती. आणि सावध माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो, शेजारच्या रानात उभे पीक दाखवावे लागते. त्याला वेळ लागतो. दोन वर्षे हा काळ मला तर थोडाच वाटतो.

शिवाय अवजाराच्या अंगानेही काम बाकी होते. फाळ मऊ असला तर आठ दिवसांत बोथट होतो; सगळाच कडक केला तर दगडाला लागून तुकडा पडतो. बीड कसे वितळवायचे, साचा कसा करायचा, ओतकाम कुठे लवकर थंड होऊ द्यायचे, हे पुस्तकातून कळते पण हाताला भट्टीपाशीच कळते. विलायती नांगराचा फाळ तुटला तर नवा कुठून आणायचा? इथल्या नांगराचा फाळ इथल्याच कारखान्यात मिळतो. माझ्या मते किर्लोस्करांच्या यशातली ही सर्वांत मोठी गोष्ट. पण फाळाच्या सुट्या तुकड्याची गोष्ट रंगवून सांगता येत नाही, म्हणून ती चरित्रांतून मागे पडते.

पुढे बेळगावच्या नगरपालिकेच्या विस्तारात त्यांची कारखान्याची जागा गेली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर माळरान जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी सुरू झाली. तो माळ निवडुंगाने भरलेला होता. हाताशी आलेली माणसेही शिकून तयार झालेली नव्हती. शंभोराव जांभेकरांसारखे सहकारी कामावरच तयार झाले. मालाची जाहिरात करायची म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ती चालवली, आणि नांगरपंपांची खबर देता देता तिचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ त्याच घरातून निघाली. मराठी कथाकादंबरी लिहिणाऱ्यांच्या दोनतीन पिढ्या या मासिकांवर पोसल्या. दिवाळी अंकात लिहिणाऱ्या मजसारख्याने लोखंडी नांगराचे हे ऋण विसरू नये.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. तोवर नांगराच्या मागून पंप आला होता, इंजिने आली होती. त्यांच्या नावावर जगाला अपूर्व असे एकही यंत्र नाही. जोड्या लावायच्या प्रश्नात त्यांना बसवायला जागा नाही.

आता दुसरे टोक पाहा. हेही मुंबईचेच आणि जवळजवळ त्याच वयाचे. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईतला. लहानपणापासून त्यांना यंत्रांचा नाद. सरकारी हिशेबखात्यातली नोकरी सांभाळून त्यांनी मुंबईत विज्ञानमंडळ काढले, ‘विविध कलाप्रकाश’ नावाचे मासिक चालवले. वाण्याच्या दुकानातला सुटा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या कल्पनेला लंडनच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळाले. ते साल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे. त्यानंतर ते लंडनला गेले. दादाभाई नवरोजींनी त्यांना आधार दिला, पैशाचीही मदत केली. स्वतःहून धुतले जाणारे शौचकूप, जाहिराती दाखवणारी यंत्रे, अशा कितीतरी वस्तू त्यांनी केल्या. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसच्या आसपास पेटंटे त्यांच्या नावावर सांगितली जातात.

त्यांचे खरे काम छापखान्याच्या खिळ्यांचे. हल्लीच्या मुलाला ‘खिळा’ म्हटले की भिंतीत ठोकायचा आठवतो; म्हणून इथे थोडे सांगावे लागते. शिशाच्या एकेका तुकड्यावर एकेक उलटे अक्षर असे. जुळारी समोरच्या केसमधल्या घरांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. इंग्रजीचे काम थोडक्यात भागे. देवनागरीत काना, मात्रा, रफार, जोडाक्षरे मिळून खिळ्यांचे प्रकार काही शेकड्यांत जात, आणि जुळाऱ्याचे हात त्या घरांतून हार्मोनियमवर फिरावेत तसे फिरत. हे खिळे ओतण्याची यंत्रे त्या काळी होती, पण मंद. भिशांनी मिनिटाला शेकड्यांनी खिळे ओतणारे, आणि पुढे ओतून जुळविणारे यंत्र केले. त्याला भिसोटाइप असे नाव पडले.

यंत्र चालले. मग काय झाले? हिंडमन नावाच्या इंग्रज समाजवाद्याने भांडवल उभे करण्याची खटपट केली, ती फसली. भिसे हिंदुस्थानात आले. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या ओळखीने रतन टाटा यांनी पैसा दिला. (हे जमशेदजींचे धाकटे चिरंजीव, अलीकडे २०२४ साली गेलेले ते नव्हेत. मुले इथे हमखास गोंधळतात.) पुन्हा लंडन. तोच १९१४ चे महायुद्ध पेटले आणि टाटांचा आधारही संपला. १९१६ साली भिसे अमेरिकेला गेले, तिथे ओतयंत्राच्या नव्या आवृत्त्या केल्या, कंपन्या काढल्या, आयोडीनचे एक औषध बाजारात आणले. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कला त्यांचा अंत झाला. त्यांच्या यंत्राने जुळलेली ओळ मराठी वाचकाने वाचली असेल असे मला वाटत नाही.

याचा दोष गुलामगिरीला देता येतो आणि काही अंशी तो द्यायलाच हवा. लंडनच्या भांडवलदाराने काळ्या माणसाच्या यंत्रावर सहज पैसे लावले नसते. पण एवढेच म्हणून थांबलो तर मुलांना अर्धीच गोष्ट कळेल. लायनोटाइप १८८६ सालीच न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात बसले होते. मोनोटाइप त्याच्या पाठोपाठ आले. भिशांचे यंत्र पुरे होईपर्यंत या दोन कंपन्यांनी छापखान्यांत आपली यंत्रे बसवली होती, ती चालवणारी माणसे शिकवून तयार केली होती, सुटे भाग पुरवणारी दुकाने उभी केली होती. छापखान्याच्या मालकाने वेग पाहून यंत्र बदलायचे, तर माणसे, साचे, दुरुस्ती सगळेच बदलायचे. त्याचेही उत्तर त्या शेतकऱ्यासारखेच असणार. फरक एवढाच, की किर्लोस्करांच्या पुढे लाकडाचा नांगर होता, आणि भिशांच्या पुढे दुसरे यंत्र होते.

भिशांना ‘भारताचे एडिसन’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. गौरव म्हणून ठीक. पण एडिसनचे मोठेपण त्यात नीट दिसत नाही. विजेच्या दिव्यावर इंग्लंडात स्वानही काम करीत होता. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजघर बांधले, रस्त्याखालून तारा नेल्या, दिव्यांना वीज किती लागली ते मोजणारी मीटरे बसवली आणि बिले पाठवली. दिवा रुजला तो या बिलांमुळे. भिशांच्या वाट्याला पर्ल स्ट्रीट आला नाही. दोघांच्या बुद्धीची तुलना करण्याचे मला कारण नाही.

किर्लोस्करांची गोष्ट सांगितली की हुशार मुले कंटाळतात आणि भिशांची सांगितली की हळहळतात. दोन्ही लागोपाठ सांगितल्या तरच काही उपयोग होतो, असा माझा अनुभव आहे. दादरहून येणाऱ्या मुलांसाठी मी मध्ये फाळक्यांची गोष्ट घालतो. तीही रुजवणाऱ्याची गोष्ट. चलच्चित्र फ्रान्स-अमेरिकेत जन्मले. फाळके १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणि माहिती घेऊन आले, आणि दादरच्या घरातच कारखाना थाटला. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. दिवसभर चित्रीकरण, मंडळींचा स्वयंपाक, आणि रात्री हे. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नाही म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाने ते केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. जोड्यांत फाळक्यांचे नाव येते. भोके पाडणाऱ्या बाईंचे येत नाही.

या तासाला एक प्रश्न ठरलेला. कोणी तरी विचारतेच, की सर, विमानाचा शोध तळपद्यांनी चौपाटीवर लावला ना? शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचेच. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवून दाखवले, ही कथा आता चित्रपटापर्यंत पोहोचली आहे. प्रश्न विचारणारा मुलगा मराठी माणसाच्या अभिमानाने विचारतो. त्याला झिडकारून चालत नाही. मी त्याला उलट विचारतो, की त्या दिवशीचे वर्तमानपत्र कुठे आहे? नकाशा, हिशेब, यंत्राचा तुकडा, काय उरले आहे? समकालीन पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाच्या आधारे पुष्कळ बोलले जाते, तो बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली तपासला. त्यातली विमाने उडणे शक्य नाही आणि ग्रंथही विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वीचा नाही, असे त्यांना आढळले. मुलाचा चेहरा उतरतो. पण भिसे नावाच्या खऱ्या माणसाची पेटंटे आज काढून वाचता येतात, आणि त्याच्याविषयी वर्गातल्या एकालाही काही ठाऊक नव्हते, हे दाखवले की तो चेहरा थोडा सावरतो. खोट्या अभिमानाने खऱ्या माणसांची जागा अडवलेली असते.

पेटंट म्हणजे काय हे सांगायलाही हीच वेळ बरी. पुष्कळांना वाटते पेटंट म्हणजे गुपित राखण्याचा परवाना. आहे उलटे. आपली युक्ती, दुसऱ्या जाणत्याला वाचून करता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यायची, आणि त्या बदल्यात ठराविक काळ तिच्यावर एकट्याचा हक्क घ्यायचा, असा हा करार. आपल्याकडे हल्ली तो काळ वीस वर्षांचा आहे. हिंदुस्थानात यासाठी पहिला कायदा १८५६ साली झाला, आणि त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या इंजिनिअराने केला तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा. मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, म्हणजे आमच्या शाळेपासून चालत जाण्याजोगे. मुलांना हे कळले की ती चकित होतात. त्यांना वाटते असली कार्यालये दिल्लीलाच असतात.

डीपेनिंगचा पंखा मी मागे एकदा हसत हसत सांगितला. साहेब झोपले आहेत, दोरी ओढणारा पंखेवालाही डुलक्या घेतो आहे, म्हणून यंत्राची गरज. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, मग पंखेवाला कुठे गेला?

ती लालबागची. तिचे आजोबा गिरणीत होते. माझ्या वर्गांतून अशी मुले नेहमीच असतात. गिरण्या १९८२ च्या संपानंतर कशा मोडत गेल्या याची कारणे पुष्कळ आहेत आणि यंत्र हे त्यांतले केवळ एक. परंतु यंत्र बदलते तेव्हा माणसाचे काय होते, हे त्या घरांना पुस्तकातून वाचावे लागत नाही. मी तिला पंखेवाल्याचे उत्तर दिले नाही, कारण इतिहासाने ते नोंदलेले नाही. अर्जदाराचे नाव आहे, तारीखही आहे, ३ मार्च १८५६. दोरी ओढणाऱ्याचे नाव नाही.

जुळाऱ्यांचे मात्र थोडे सांगता येते, म्हणून तिला ते सांगितले. जावजी दादाजी हा गरीब घरचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागला. थोरला झाल्यावर त्याने स्वतःची खिळ्यांची ओतशाळा काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्याच्या खिळ्यांचे वळण इतके सुबक, की देवनागरी अक्षर म्हणजे निर्णयसागरचे, अशी पुढची कित्येक दशके समजूत होती. गिरगाव-काळबादेवीकडे या धंद्यावर असंख्य कुटुंबे जगली. मग विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ऑफसेट आले, संगणकावरची जुळणी आली, आणि खिळे वजनावर शिशाच्या भावाने गेले. काही जुळारी संगणक शिकले. ज्यांना चाळिशीनंतर कळफलक जमला नाही ते मुद्रितशोधनाला बसले, काही पहारेकरी झाले, काही गावी परतले.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने विचारून आणले, की आजोबांच्या खात्यात नवी यंत्रे आली तेव्हा एका माणसाला आधीपेक्षा किती माग सांभाळावे लागत. आकडा तिने वहीत लिहून आणला होता. त्याच्याखाली आजोबांनी आपल्या हाताने आपल्या साच्याजवळच्या चौघांची नावे लिहून दिली होती. ती मी फळ्यावर उतरवली. त्या दिवशी जोड्या लावा हा प्रश्न झाला नाही.